यंत्रभाषेंत हरवलेलीं नांवें

दौंड जंक्शनांत मालगाडी उभी असली म्हणजे तिच्या प्रत्येक वाघिणीच्या अंगावर रंगानें लिहिलेला अकरा आंकड्यांचा एक लांब क्रमांक दृष्टीस पडतो. फलाटावरील उतारू त्याकडे बहुधा लक्ष देत नाहींत. परंतु रेल्वेच्या माणसास तो एखाद्या जन्मपत्रिकेसारखा वाचतां येतो. पहिले दोन आंकडे वाघीण कोणत्या प्रकारची, म्हणजे उघडी, बंद कीं तेलाची टांकी, हें सांगतात. पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची तें सांगतात. त्यापुढील दोन ती कोणत्या सालीं बांधली तें. मग चार आंकडे तिचा स्वतःचा अनुक्रम. आणि अखेरचा एक आंकडा मागचे दहा नीट उतरले कीं नाहीं हें पडताळण्यासाठीं. आतां कोणी हा क्रमांक खरवडून काढला अशी कल्पना करा. वाघीण चालावयाची थांबणार नाहीं. इंजिनाला क्रमांक वाचतां येत नाहीं, आणि त्याला त्याची गरजही नाहीं. मनमाडच्या फांट्यावर सोडली तर ती मनमाडला पोंचेल. परंतु वाटेंत तिचें एखादें चाक तापलें, तर ही वाघीण कोणाची, कोणत्या सालची, तिला सुटे भाग कोणते बसतील, हें सांगणारें कोणी उरणार नाहीं. मग तिची लांबी मोजा, दारें मोजा, आणि तर्क करीत बसा.

संगणकाच्या प्रोग्रॅमांचें असेंच घडतें. आपल्या दोन तालुक्यांत हे प्रोग्रॅम कोठवर शिरले आहेत याचा हिशेब करूं लागलें तर हाताचीं बोटें पुरणार नाहींत. साखर कारखान्याचा वजनकांटा, बँकेचें खातें, रांजणगांवच्या व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील यंत्रें, पालकांच्या खिशांतील फोन, सर्व त्यांवर चालतें. माणूस प्रोग्रॅम लिहितो तेव्हां त्यांत नांवें असतात. तोच प्रोग्रॅम यंत्राच्या हातीं जातो तेव्हां तीं बहुतेक गळून पडलेलीं असतात. तीं कोठें गळतात, कोणत्या खुणांवरून परत मिळवितां येतात, आणि केव्हां कायमचीं जातात, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. विषय थोडा किचकट आहे खरा. पण नववीच्या विद्यार्थ्यास समजूं नये असें त्यांत कांहीं नाहीं.

प्रथम ‘प्रकार’ म्हणजे काय तें पाहूं. संगणकशास्त्रांत यास टाइप म्हणतात. संगणकाच्या स्मृतींत अक्षर नाहीं, नांव नाहीं, रुपया नाहीं. तेथें केवळ बाइटांची रांग असते, आणि प्रत्येक बाइट म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतची एक संख्या. समजा, लागोपाठ चार बाइटांत ८०, ८५, ७८ व ६९ या संख्या आहेत. हीं रोमन अक्षरें मानलीं तर पी, यू, एन्, ई असें वाचलें जाईल, म्हणजे आपलें पुणें. हाच मजकूर एक पूर्णांक मानला तर आजच्या बहुतेक यंत्रांच्या रीतीप्रमाणें त्याची किंमत १,१६,२७,६१,५५२ भरते. ज्यास खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें ८५ ला २५६ नें, ७८ ला ६५,५३६ नें व ६९ ला १,६७,७७,२१६ नें गुणावें, आणि त्या बेरजेंत ८० मिळवावे. आणि हेच चार बाइट अपूर्णांकाची नोंद मानले तर ती सुमारें ३३०१.३३ येते. एक शहर, एक अब्जाहून मोठी रक्कम, किंवा साडेतीन हजारांच्या आंतली एक संख्या. बाइट मात्र तेच. यांपैकीं खरा अर्थ कोणता, हें त्या चार बाइटांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. तें ज्ञान प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मूळ लेखांत असतें, आणि त्यालाच प्रकार असें म्हणतात.

लिहिणारा अनेक लहान प्रकार एकत्र बांधून मोठा प्रकार बनवितो व त्यास स्वतः नांव देतो. सी भाषेंत अशा मोटेस स्ट्रक्चर म्हणतात. आपण वाघिणीचेंच उदाहरण घेऊं. ‘वाघीण’ या नांवाचा एक प्रकार केला. त्यांत तीन रकाने ठेविले. पहिला ‘चाकजोड्या’, त्यास एक बाइट. दुसरा ‘साल’, त्यास दोन बाइट. तिसरा ‘वजन’, त्यास चार बाइट. बेरीज सात होते. परंतु प्रत्यक्षांत ही मोट आठ बाइटांची बनते. दोन बाइटांचा रकाना सम पत्त्यावर सुरू झाला म्हणजे यंत्रास तो उचलावयास सोपें जातें. म्हणून पहिल्या रकान्यानंतर एक बाइट रिकामा सोडला जातो. तेव्हां ‘चाकजोड्या’ आरंभापासून शून्याव्या जागीं, ‘साल’ दुसऱ्या, व ‘वजन’ चौथ्या जागीं येतें. हे आंकडे ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे. सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, जीसीसी नांवाचा जो प्रसिद्ध कंपायलर आहे, तो इ. स. २०२० सालच्या आपल्या दहाव्या आवृत्तीपासून अशीं देवनागरी नांवें सरळ स्वीकारतो. तेव्हां आमचें उदाहरण केवळ कागदावरचें आहे असें समजूं नये.

कंपायलर म्हणजे माणसानें लिहिलेल्या लेखाचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. जीसीसी हा रिचर्ड स्टॉलमन यांनीं इ. स. १९८७ मध्यें प्रथम लोकांस दिला, आणि त्याचा स्वतःचा मूळ लेख कोणासही वाचावयास मोकळा आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापक उदय खेडकर यांनीं याच जीसीसीच्या अभ्यासाचें एक केंद्र चालविलें. त्यांच्या शिकविण्याची एक पद्धति मला शिक्षक या नात्यानें फार पसंत पडली. जीसीसी आपलें काम एका दमांत करीत नाहीं. तो अनेक टप्प्यांनीं करतो, आणि आज्ञा केली तर प्रत्येक टप्प्यानंतर हातांतील मजकुराची नक्कल एका फाइलींत उतरून देतो. विद्यार्थ्यानें चार ओळींचा प्रोग्रॅम द्यावा, त्या नकला शेजारीं शेजारीं मांडाव्या, आणि कोठें काय बदललें तें आपल्या डोळ्यांनीं शोधावें. कंपायलरचा लक्षावधि ओळींचा लेख वाचण्याची गरज नाहीं, आणि त्यास बंद पेटी समजून दूर बसण्याचीही गरज नाहीं. या मधल्या मार्गास ते करड्या पेटीची तपासणी अशा अर्थाचें नांव देत असत.

या नकला वाचतां वाचतां नांवें नेमकीं कोठें गळतात हें कळून येतें. आरंभींच्या टप्प्यांत, ज्यास ‘गिंपल’ म्हणतात, ‘वाघीण’ आणि ‘साल’ हीं नांवें जशीचीं तशीं असतात. पुढें ‘एक्स्पांड’ नांवाचा टप्पा येतो. त्यापलीकडे मजकूर ‘आरटीएल’ या निराळ्याच बोलींत जातो, आणि त्या बोलींत वाघीण नाहीं, साल नाहीं, वजन नाहीं. आहेत ते केवळ आकार. दोन बाइटांच्या पूर्णांकास ‘एचआय’, चार बाइटांच्या पूर्णांकास ‘एसआय’. ‘या वाघिणीचें साल घे’ ही आज्ञा तेथें ‘अमुक पत्त्यापासून दोन बाइट पुढें जा व तेथील एचआय उचल’ अशी होते. बाजूला टीप म्हणून एखादें नांव लिहिलेलें आढळतें, परंतु तें आज्ञेचा भाग नव्हे. अखेरच्या यंत्रभाषेंत ती टीपही राहत नाहीं. अर्थ यंत्रानें पचविला. नांव टाकून दिलें. यांत यंत्राचा दोष मुळींच नाहीं. त्यास नांवाचा उपयोग नाहीं, इतकेंच.

मग तें नांव परत कोठून आणावयाचें? त्यासाठीं कंपायलरला आरंभींच सांगावें लागतें. जीसीसीला आज्ञा देतांना उणे चिन्ह व जी हें अक्षर जोडलें, तर तो यंत्रभाषेबरोबरच एक दुसरा मजकूर तयार करून त्याच फाइलींत निराळ्या कप्प्यांत ठेवितो. प्रोग्रॅम चालतांना हा मजकूर कोणी वाचीत नाहीं. तो माणसासाठीं, आणि माणसाच्या वतीनें चूक शोधणाऱ्या डीबगर नांवाच्या प्रोग्रॅमासाठीं असतो. यासच डीबग सिंबॉल म्हणतात. त्याच्या मांडणीची जी पद्धति लिनक्स व तत्सम प्रणालींवर चालते तिचें नांव ‘ड्वार्फ’. ती इ. स. १९८० नंतरच्या दशकांत बेल प्रयोगशाळेंत युनिक्सच्या एका आवृत्तीसाठीं निर्माण झाली. तेथें प्रोग्रॅमाच्या फाइलीच्या मांडणीस ‘एल्फ’ म्हणत. पाश्चात्य लोककथांत एल्फ नांवाचे वनवासी जीव व ड्वार्फ नांवाचे बुटके जोडीनें येतात. म्हणून या दुसऱ्या मांडणीस थट्टेनें तें नांव दिलें, आणि तेंच चिकटलें. तिची दुसरी आवृत्ति १९९३ मध्यें, आणि पांचवी फेब्रुवारी २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली.

ड्वार्फचा मजकूर म्हणजे नोंदींचा एक वृक्ष असतो. ‘वाघीण’ या प्रकाराची नोंद आपल्या भाषेंत सांगावयाची तर अशी: ही नोंद स्ट्रक्चरची आहे; नांव ‘वाघीण’; आकार ८ बाइट; अमुक फाइलींत अमुक ओळीवर हिची घोषणा झाली. या नोंदीच्या पोटीं तीन पोटनोंदी असतात. त्यांपैकीं ‘साल’ची पोटनोंद म्हणते: मी एक रकाना आहें, माझें नांव ‘साल’, माझी जागा आरंभापासून २, माझा प्रकार कोणता तें अमुक ठिकाणच्या नोंदींत पाहा. त्या ठिकाणीं गेलें म्हणजे तेथें मूळ प्रकाराची नोंद भेटते: लहान पूर्णांक, २ बाइट. अशा रीतीनें एका नोंदीनें दुसरीकडे बोट दाखवावें, दुसरीनें तिसरीकडे, आणि अखेर बाइटांपर्यंत पोंचावें. वर जे आंकडे ध्यानांत ठेवावयास सांगितले होते, ते सर्व येथें जसेच्या तसे लिहिलेले सांपडतात. हा तर्क नव्हे. कंपायलरनें स्वहस्तें लिहून दिलेला दाखला आहे.

तेव्हां तयार प्रोग्रॅमांतून प्रकारांचीं नांवें काढावयाचीं म्हणजे काय करावयाचें, हें आतां स्पष्ट होईल. नवशिका विद्यार्थी एक सोपी युक्ति करतो: फाइलींत जेवढीं वाचनीय अक्षरें दिसतील तेवढीं सगळीं गाळून घेतो. त्यांत नांवें मिळतात खरीं, परंतु कोणतें नांव प्रकाराचें, कोणतें रकान्याचें, कोणतें एखाद्या कृतीचें, हें कळत नाहीं; कारण ड्वार्फ नांवें एका जागीं गोळा करून ठेवितो व नोंदींत त्यांचा केवळ पत्ता देतो. सगळ्या वर्गाचीं नांवें ऐकलीं, पण कोण कोणाचा मुलगा तें कळलें नाहीं, अशांतला हा प्रकार. खरा मार्ग म्हणजे वृक्षाच्या मुळापासून एकेका नोंदीवर जावें, तिच्या कपाळावरची खूण पाहावी, आणि स्ट्रक्चर, वर्ग, युनियन, गणनाप्रकार, टोपणनांव किंवा मूळ प्रकार यांपैकीं ती असेल तरच तिचें नांव टिपून घ्यावें.

एवढ्यानें भागत नाहीं. सी प्लस प्लस भाषेंत ‘यादी’ नांवाचे दोन प्रकार दोन निराळ्या कुळांत असूं शकतात. म्हणून नांव टिपतांना त्या नोंदीच्या बापाकडे, आणि बापाच्या बापाकडे चढून पूर्ण नांव करावें लागतें. कित्येक नोंदी नुसत्या घोषणेच्या असतात, त्यांत रकाने नसतात. त्या बाजूला काढाव्या लागतात. कांहीं प्रकारांस मुळीं नांवच दिलेलें नसतें. आणि सर्वांत त्रासाची गोष्ट ही कीं, एकच प्रकार शंभर फाइलींनीं वापरला असेल तर त्याची नोंद शंभर वेळां येते, कारण कंपायलर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणें वाचतो व शेजारच्या फाइलींत काय लिहिलें तें त्यास ठाऊक नसतें. लिनक्सच्या गाभ्यांत ही पुनरुक्ति इतकी होती कीं, त्यासाठीं ‘बीटीएफ’ नांवाची निराळी आटोपशीर मांडणी इ. स. २०१८ पासून वापरांत आली. तींत प्रत्येक प्रकार एकदांच लिहिला जातो.

हें काम करणारीं साधनें फुकट मिळतात. शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल तर ‘रीडएल्फ’ हा प्रोग्रॅम सर्व नोंदी उलगडून दाखवितो. मात्र त्यांचा पसारा पाहून पहिल्या दिवशीं घाबरूं नये. त्याहून सुटसुटीत ‘पाहोल’. हें नांव मराठी ‘पाहा’ यावरून आलें असावें असें वाटलें तर नवल नाहीं, पण तें तसें नाहीं. भोंक पाडणें अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप आहे, आणि त्याचे कर्ते ब्राझीलचे आर्नाल्दो कार्व्हाल्यो दि मेलो हे आहेत. भोंकें म्हणजे रकान्यांच्या मधले ते रिकामे बाइट. वाघिणीचा प्रोग्रॅम उणे-जी देऊन तयार करावा व पाहोलच्या हातीं द्यावा. तो प्रकाराचें नांव, तिन्ही रकाने, त्यांच्या जागा, आणि ‘चाकजोड्या’नंतरचें एका बाइटाचें भोंक, सर्व छापून देतो. मग ‘स्ट्रिप’ नांवाची आज्ञा त्याच फाइलीवर चालवावी. प्रोग्रॅम पूर्वीइतकाच नीट चालतो, फाइल आकारानें बरीच लहान होते, आणि पाहोलला त्यांतून कांहीं मिळत नाहीं. वाघिणीचा क्रमांक खरवडण्याचा हा प्रयोग दहा मिनिटांत होतो, आणि त्यास कोणतीही हानि नाहीं.

विंडोज प्रणालीवर मायक्रोसॉफ्टची रीत निराळी. तेथें हा मजकूर प्रोग्रॅमाच्या पोटांत न ठेवतां ‘पीडीबी’ नांवाच्या वेगळ्या फाइलींत ठेवितात. तींत प्रत्येक प्रकारास एक क्रमांक असतो. ४०९६ च्या खालचे क्रमांक पूर्णांक, अक्षर अशा अंगभूत प्रकारांसाठीं राखून ठेविलेले आहेत, आणि लिहिणाऱ्यानें केलेले प्रकार तेथून पुढें सुरू होतात. या फाइलीच्या मांडणीविषयीं पुष्कळ वर्षें बाहेरच्या लोकांस चांचपडावें लागलें; इ. स. २०१५ मध्यें कंपनीनें तिची माहिती व कांहीं मूळ लेख खुला केला, तेव्हां इतरांचीं साधनें नीट तयार झालीं.

डीबग सिंबॉल नसतांनाही कांहीं नांवें मागें राहतात, हें येथें सांगितलें पाहिजे. सी प्लस प्लसमध्यें एका नांवाच्या अनेक कृती असूं शकतात; त्यांचा घोटाळा होऊं नये म्हणून कंपायलर कृतीच्या नांवांत तिला लागणाऱ्या प्रकारांचीं नांवें गुंफून एक विचित्र सामासिक नांव बनवितो. लिनक्सवर अशा नांवांत प्रत्येक शब्दापूर्वीं त्याच्या अक्षरांची संख्या असते. रोमन लिपींत ‘वॅगन’ची पांच अक्षरें होतात, म्हणून आधीं ५ हा आंकडा व मग तो शब्द. एकदां ही किल्ली कळली म्हणजे तीं नांवें सोडविणें हा मुलांचा खेळ आहे. दुसरें असें कीं, चालत्या प्रोग्रॅमालाच कधीं कधीं ‘माझ्या हातांतील वस्तु नक्की कोणत्या वर्गाची?’ असा प्रश्न पडतो. त्याचें उत्तर देतां यावें म्हणून कंपायलर कांहीं वर्गांचीं नांवें प्रोग्रॅमाच्या प्रत्यक्ष सामग्रींत ठेवितो. हीं नांवें स्ट्रिपनें जात नाहींत, कारण तीं प्रोग्रॅमाला स्वतःला हवीं असतात. मात्र त्यांत केवळ वर्गाचें नांव व त्याचे पूर्वज कळतात; रकाने कोणते व कोठें, तें कळत नाहीं. आणि सी भाषेंत तर एवढाही आधार नाहीं. अशा वेळीं जाणता मनुष्य यंत्रभाषा वाचून ‘येथें दुसऱ्या जागेवरचे दोन बाइट उचलले, चौथ्या जागेवरचे चार उचलले, तेव्हां ही आठ बाइटांची मोट असावी’ असें अनुमान करतो. मोट ओळखतां येते; ती वाघीण होती हें कोणत्याही अनुमानानें कळत नाहीं.

ही सर्व यातायात कोणासाठीं, असें पालक विचारतील. त्यांच्यासाठीं एक उदाहरण देतों. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमासाठीं आलेल्या एका सदोष सामग्रीमुळें जगांतील विंडोजचे सुमारें ८५ लक्ष संगणक बंद पडले. रुग्णालयें, बँका व विमानतळ खोळंबले. भारतांतही विमानाच्या उतारूंना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बंद पडलेल्या संगणकांनीं मरतेवेळच्या स्मृतीची नक्कल मागें ठेविली होती, आणि जगभरचे अभियंते ती उघडून पाहत होते. परंतु बाहेरच्या माणसास तींत अमुक पत्त्यावरची एक आज्ञा दिसे, नांवें दिसत नसत. त्यामुळें पहिल्या दोन दिवसांत पसरलेलीं कांहीं अनुमानें चुकीचीं ठरलीं. ज्यांच्याजवळ मूळ लेख व नांवें होतीं त्या कंपनीनें ऑगस्टमध्यें खुलासा प्रसिद्ध केला: एका प्रकाराच्या व्याख्येंत एकवीस रकाने होते, आणि प्रत्यक्षांत मूल्यें वीसच पुरविलीं जात होतीं, एकविसावें वाचावयास प्रोग्रॅम हद्दीबाहेर गेला व कोसळला. चूक इतकी साधी होती. पण रकान्याला रकाना म्हणतां येईल तेव्हांच ती दिसणार.

दुसरें उदाहरण घराजवळचें, आणि तें घडूं शकेल असें म्हणून सांगतों. एखाद्या कारखान्यांत वीस वर्षांपूर्वीं घेतलेलें यंत्र आहे. त्याच्या नियंत्रणाच्या पेटींत एक प्रोग्रॅम आहे. पेटी करणारी कंपनी बंद झाली, लिहिणारा अभियंता कोठें गेला ठाऊक नाहीं, आणि मूळ लेख कोणाजवळही नाहीं. यंत्र ठणठणीत आहे; केवळ एका मोजणीची मर्यादा वाढवावयाची आहे. पेटींतील फाइलींत डीबग सिंबॉल राहिले असतील, तर कोणता बाइट बदलावयाचा तें चांगला कारागीर अल्प काळांत सांगेल. स्ट्रिप केलेली असेल, तर काम कित्येक आठवड्यांचें, आणि शेवटीं धाकधूक राहील ती निराळीच. असें अंतरंग पाहणें बेकायदा तर नव्हे, ही शंका रास्त आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाच्या, ५२ व्या कलमांत १९९९ सालीं दुरुस्ती झाली आहे. जो मनुष्य प्रोग्रॅम कायदेशीरपणें बाळगतो त्यास त्यामागील कल्पना व तत्त्वें जाणण्यासाठीं त्याच्या चालण्याचें निरीक्षण व अभ्यास करण्याची मुभा त्यानें दिलेली आहे. तसेंच दुसऱ्या प्रोग्रॅमाशीं मेळ घालण्यास आवश्यक ती माहिती, अन्यथा सहज मिळत नसेल तर, काढून घेण्याचीही. नक्कल करून विकण्याची मुभा त्यांत नाहीं, हें उघडच आहे.

कंपन्या सिंबॉल काढून टाकतात तें केवळ दुष्टपणानें नव्हे. फाइल लहान होते. शिवाय आपल्या घराचा नकाशा प्रतिस्पर्ध्याच्या हातीं जाऊं नये असें कोणासही वाटेल. माझ्या मतें याची तोड साधी आहे: सिंबॉल गिऱ्हाइकास देऊं नका, पण फेंकूंही नका, वेगळे काढून कपाटांत ठेवा. यासाठीं चांगली सोयही झालेली आहे. लिनक्सवर प्रत्येक तयार प्रोग्रॅमावर ‘बिल्ड आयडी’ नांवाचा एक अद्वितीय क्रमांक कोरतां येतो, आणि तोच वेगळ्या काढलेल्या सिंबॉलांवरही असतो. पीडीबी व तिचा प्रोग्रॅम यांच्यावरही असाच जोडक्रमांक असतो. इ. स. २०१९ पासून लिनक्सकरितां ‘डीबगइन्फोडी’ नांवाची व्यवस्था आहे. तिला हा क्रमांक सांगितला कीं ती बरोबर त्याच प्रोग्रॅमाचे सिंबॉल जाळ्यावरून आणून देते. क्रमांक जुळला नाहीं तर डीबगर ते सिंबॉल घेत नाहीं, आणि तें योग्यच आहे. दुसऱ्याच वाघिणीची पत्रिका हिच्या गळ्यांत बांधण्यापेक्षां कोरी बरी.

येथें पुष्कळांची एक समजूत असते कीं, मूळ लेख जवळ असला म्हणजे झालें. सिंबॉल लागतील तेव्हां पुन्हां तयार करूं. ती समजूत धोक्याची आहे. मधल्या काळांत कंपायलरची आवृत्ति बदललेली असते, एखादा पर्याय कमी-अधिक दिलेला असतो, एखादी सोबतची फाइल नवी आलेली असते. तोच लेख पुन्हां कंपायलरमधून काढला तर प्रोग्रॅम तसाच वागेल, पण त्यांतील आज्ञांचे पत्ते पहिल्याशीं जुळतीलच असें नाहीं. आणि चार वर्षांपूर्वीं गिऱ्हाइकाला दिलेला प्रोग्रॅम कोसळला तेव्हां हातीं येतो तो त्या जुन्या प्रतींतला पत्ता. त्याचें नांव सांगूं शकणारी फाइल त्या दिवशीं, त्या प्रतीबरोबरच जन्मलेली असते.